गिलाव्याची खोटी गोष्ट

निवृत्ती, रविवारी तुझ्या अंगणात तुझं पुण्यानुमोदन आहे, तू गेल्यावरची आठवणीची सभा, आणि मला बोलायचं आहे. तुझ्या धाकट्या भावानं मंडपवाल्याला आधीच बजावून ठेवलंय, "बबनशेठ बोलणार हायेत, कर्णा चांगला लाव." तीस वर्षं यात्रेच्या स्टेजवर काढलेल्या माणसाला आणखी काय पाहिजे? पण मंगळवारपासून माझ्या घशाखाली भाकरी नीट उतरत नाही. खानावळवाल्याच्याच घशाखाली भाकरी उतरेना म्हटल्यावर तू किती हसला असतास, ते मला ऐकू येतंय.

मंगळवारी मी वहिनींना भेटायला आलो होतो. बसायला सतरंजी टाकली, चहा आला, आणि कप हातात देता देता त्या म्हणाल्या, "भाऊजी, रविवारी बोला. चांगलं बोला. पर ती गिलाव्याची गोष्ट तेवढी नगं."

"का हो वहिनी? निवृत्तीला तर लई आवडायची."

"त्यांना आवडायची का न्हाई, ते मला म्हाईत न्हाई. ते हसायचे, एवढं म्हाईत हाय. आता गेल्यावर तरी मानसांना त्यांच्यावर हसवू नगा."

मी मान डोलावली, चहा संपवला आणि बाहेर येऊन दुसऱ्याच कुणाच्या चपला घालून निम्म्या रस्त्यापर्यंत गेलो.

मला कशाची धास्ती बसलीय, ते एकट्या तुला ठाऊक आहे. वहिनींचं ऐकून मी ती गोष्ट गिळली, तर ती जशी खोटी आहे तशीच लोकांच्या तोंडी राहील, आणि त्यात तू मूर्ख आहेस तो मूर्खच राहशील. खरी सांगितली, तर मी उघडा पडतो. इतकी वर्षं मी हा विचार पुढे ढकलत आलो, कारण तू होतास. तू आहेस तोवर कधीही सांगता येईल, असा माझा हिशेब होता.

तुझ्या नावानं लिहायला बसलोच आहे, तर सगळं सरळ लिहितो. तू मध्ये बोलू नकोस.

तू तेव्हा तालुक्याच्या सबजेलला पहाऱ्याचा हवालदार होतास. कुठल्या तालुक्याच्या, ते लिहीत नाही. जुन्नरवाल्यांना वाटू दे आंबेगावची, आंबेगाववाल्यांना वाटू दे जुन्नरची. कचेरीच्या मागे चार कोठड्या, पुढे व्हरांडा, आणि रस्त्याच्या पलीकडे माझी खानावळ. पिंपळवंडीच्या शाळेत आपण एका बाकावर होतो. तू पोलिसात गेलास, मी भाकरीत. कैद्यांच्या दोन वेळच्या जेवणाचा आणि सकाळच्या चहाचा ठेका मला मिळाला, तेव्हा तू म्हणाला होतास, "आता तू मला आयुष्यभर पातळ आमटी पाजनार." पाजली. कबूल.

आणि दरवर्षी यात्रेच्या नाटकात मी दारुड्या व्हायचो. नाटक कुठलंही असो, लेखकानं दारुड्या लिहिलेला असो नसो, मी मध्येच झोकांड्या देत यायचो आणि लोक शिट्ट्या मारायचे. ओझरच्या एका पाहुण्यानं मला खरंच प्यालेला समजून पायाला धरून स्टेजवरून खाली ओढलं होतं. तो माझा सगळ्यात मोठा सन्मान. प्रत्यक्षात मी कधी थेंब घेतलेला नाही. म्हणूनच मला वाटायचं, दारू या विषयातलं मला सगळं कळतं.

किसन गवंडी मारामारीच्या केसमध्ये आत आला, तो सोमवार होता. मेव्हण्याच्या डोक्यात थापी घातली होती. गिलावा करावा तर किसननंच, अशी त्याची ख्याती, आणि सकाळी तोंड धुण्याआधी हातभट्टीची घेतल्याशिवाय थापी हातात धरत नाही, ही दुसरी ख्याती. सोमवारी संध्याकाळी त्यानं ताट तसंच परत पाठवलं. मंगळवारी नुसता घाम. अंगातला सदरा पिळून निघेल इतका. रात्रभर डोळ्याला डोळा नाही, असं शेजारच्या कोठडीतले सांगत होते. बुधवारी सकाळी मी चहाची किटली घेऊन आलो, तर तू व्हरांड्यातूनच हाक मारलीस.

"बबन्या, हिकडं ये. तू नाटकातला मानूस. ह्ये बघ आन सांग, सोंग हाय का खरं हाय?"

मी गजांशी जाऊन उभा राहिलो. किसन भिंतीला गिलावा करत होता. हातात काही नाही. नसलेल्या घमेल्यातून नसलेला माल उचलायचा, भिंतीवर मारायचा, तळव्यानं ओढायचा. मग एक पाऊल मागे येऊन, एक डोळा मिटून ओळंबा बघायचा. हात थरथरत होते, ओठ थरथरत होते.

"अरं माल द्या लवकर! भेगंतनं मुंग्या उतरायल्यात! लाल मुंग्या! समद्या अंगावर यायल्या!"

बाकीचे कैदी पोट धरून हसत होते. एकानं तर "घ्या मिस्त्री, शिमिट संपलं" म्हणून आणखी मजा केली. आणि मी, निवृत्ती, मी काय केलं? मी हाताची घडी घातली, मान तिरपी केली आणि परीक्षण केलं.

"गिलाव्याचं काम झकास बसवलंय," मी म्हणालो. "पण मुंग्यांचं जरा जास्त होतंय. आणि हाताकडं बघ, थरथर सारखी चालूच आहे. खरा दारुडा असा थरथरत नाही, तो झोकांडी देतो. सोंग आहे. दवाखान्यात नेतील, तिथनं पळायला बघणार."

"नक्की?"

"बारा वर्षं करतोय मी."

तुझ्या हातात एक कागद होता. दवाखान्याला लिहायचा कागद, अर्धा लिहून झालेला. तू माझ्याकडे बघितलंस, किसनकडे बघितलंस, आणि त्या कागदाची घडी घालून वहीत ठेवलीस. ती घडी मी डोळ्यांनी पाहिली.

दारू प्यालेला माणूस मी बारा वर्षं केला होता. रोजची दारू बंद पडलेला माणूस मी जन्मात पाहिला नव्हता, आणि तो वेगळा असतो, हेही मला ठाऊक नव्हतं. तुलाही नव्हतं. पण तू निदान विचारलंस.

दुपारी दोनला मी जेवणं घेऊन आलो, तेव्हा किसन जमिनीवर होता. डोळे पांढरे, दातांमध्ये जीभ, हातपाय आपटत होते. ओट्याच्या कडेवर कपाळ फुटलेलं. माझ्या हातातून आमटीचं भांडं सुटलं. तू त्याला कुशीवर वळवलंस, माझ्या खांद्यावरचा पंचा ओढून त्याच्या डोक्याखाली घातलास आणि "जीप!" म्हणून असा ओरडलास, की कचेरीतले कारकून खिडक्यांत आले.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "शेवटची दारू कधी घेतली यानं?" आपल्या दोघांनाही ते ठाऊक नव्हतं. मग ते चिडले. रोज पिणाऱ्याची दारू एकदम बंद झाली, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी असं होतं, म्हणाले. घाम, थरथर, नसलेलं दिसणं, मग झटके. वेळेवर औषध मिळालं नाही तर माणूस जातो. "दारू तुम्ही बंद केलीत, कोंडून. मग निदान बघायचं तरी. तीन दिवस हा माणूस अंगानं सांगत होता तुम्हाला."

पुढचे चार दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. किसन शुद्धीवर नव्हता आणि स्वस्थही नव्हता. एक हात बेडीनं खाटेला, दुसरा हवेत. तू डॉक्टरांना विचारून ती बेडी काढायला लावलीस आणि स्वतः स्टुलावर बसलास. मी डबा घेऊन यायचो. तू खायचा नाहीस. मी दारातच विचारायचो, "कसा आहे?" आणि तुझ्या तोंडाकडे न बघता खालीच बघायचो. एकदा व्हरांड्यात मी विचारलंच.

"निवृत्ती, मेला तर?"

"तर मेला."

"तुझी नोकरी…"

"त्याची बायको बाहेर बसलीय बबन्या. नोकरीचं तिला इचार."

त्याच दिवशी दुपारी तो पुन्हा माल मागायला लागला. "अरं द्या की! भेग राहिली!" मी दारात डबा धरून उभा. आणि तू, खाकी कपड्यातला हवालदार, स्टुलावरून वाकलास, दोन्ही हातांनी काहीच नसलेलं घमेलं उचललंस आणि त्याच्यापुढे धरलंस. "घे मिस्त्री. माल घे. घट कालवलाय. सावकाश कर, घाई न्हाई." त्यानं तुझ्या हातातून माल घेतला. भिंत पुरी केली. आणि डोळे मिटून झोपला. मी तीस वर्षं नाटकं केली, दुसऱ्यांची पाहिली, पण असं काम मी कुठं पाहिलेलं नाही. हे तुला मी कधीही सांगितलं नाही. नटाला दुसऱ्या नटाची स्तुती जड जाते.

पाचव्या दिवशी किसननं "ह्ये कुठलं गाव?" असं विचारलं आणि मी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडलो.

चौकशी झाली. साहेबांनी विचारलं, बुधवारी सकाळीच दवाखान्यात का हलवलं नाही? तू जबाबात लिहून दिलंस: मला तो सोंग करतोय असं वाटलं. मला. मी तेव्हा साहेबांसाठी चहाचा ट्रे घेऊन दाराबाहेर उभा होतो. आता माझं नाव निघेल, मग निघेल, म्हणून चहा निवला तरी मी दारातून हललो नाही. निघालं नाही. संध्याकाळी मी तुला गाठलं.

"माझं नाव का घातलं नाहीस?"

"तुझा ठेका गेला असता."

"पण बोललो मीच ना?"

"बोलायला तू बोललास. इचारलं कुनी? मी. खानावळवाल्याला इचारून कैदी आजारी हाय का ठरवनारा हवालदार मी. जा, भाकऱ्या थाप."

तुझी बढती तीन वर्षं मागे पडली. आणि किसन बाहेर आल्यावर बाजारात सांगत सुटला, हवालदारानं मला मरायला ठेवलं व्हतं. तू समोरून आलास की तो तोंड फिरवायचा.

त्यानंतर मात्र तू बदललास, आणि मला सोबत ओढलंस. नवा कैदी आला, की पहिला चहा कपात द्यायचा नाही, काठोकाठ भरलेल्या बशीत द्यायचा, असं तू ठरवलंस. तू गजाआडून बघायचास बशी, मी बघायचो माणूस. थरथरत्या हातातून सांडली की तू वहीत लिहायचास आणि त्याच दिवशी दवाखान्याला कागद. सगळ्यांना ती पोलिसाची लहर वाटायची. जेवणाचं खातं माझं. कोण आल्या आल्या तिसरी भाकरी मागतो आणि उगाच हसतो, तो गांजावाला. कोण भाकरीकडे बघतही नाही, सारख्या जांभया देतो, नाक गळतं, अंगावर काटा आणि पोटात मुरडा, तो गर्दवाला, म्हणजे ब्राउन शुगर ओढणारा. मुंबईला भाजी घेऊन जाणाऱ्या गाड्यांवरचा असा एक ड्रायव्हर आला होता. साहेब म्हणाले, सर्दी आहे. तू म्हणालास, "साहेब, सर्दीनं मानूस गुडघं पोटात घिऊन रडत न्हाई." आणि डॉक्टर आणलेस.

तुझं गेटावरचं विचारणं तर मला पाठ होतं. कुणाची आई, कुणाची बायको डबा घेऊन आली, की तू टोपी काढून बाकावर ठेवायचास.

"मावशी, ह्यो काय घेतो?"

"काय न्हाई वो सायेब. देवमानूस हाय."

"देवमानूस हायेच. मी मारनार न्हाई. डाक्तरला सांगनार, बास. काय घेतो?"

"…कवा कवा, दारू."

"सकाळी उठल्या उठल्या लागती का?"

मग ती माउली पदर तोंडाला लावायची आणि मान हलवायची.

"शेवटची कवा घेतली? नीट आठवून सांगा, त्याच्या जिवाचं हाय."

अवसरीकडच्या एका बाईनं नवऱ्यासाठी भरली वांगी आणली होती, आठवतं? मसाल्याऐवजी गांजा ठासलेला. तू वांगं फोडलंस, मी वास घेतला आणि म्हणालो, "मीठ कमी आहे." साहेब त्या कैद्याला झोडायला निघाले होते. तू मध्ये उभा राहिलास, नंतर मारा साहेब, आधी मला विचारू द्या कधीपासून घेतो. तो तुझ्याशी तासभर बोलला. मारायचं मग राहूनच गेलं.

याबद्दल मी लोकांना काहीच सांगितलं नाही. मी सांगितली ती गिलाव्याची गोष्ट.

पहिल्यांदा सांगितली ती एका लग्नाच्या पंगतीत. गोष्टीला एक मूर्ख लागतो. मी तोंड उघडलं तेव्हा खरीच सांगणार होतो, शपथ. पण गोष्टीत हाताची घडी घालून मान तिरपी करणारा माणूस आला, आणि माझ्या तोंडून निघालं, "आमचा निवृत्ती हवालदार!" पंगत आडवी झाली. माझं परीक्षण, माझी बारा वर्षं, माझं "मुंग्यांचं जरा जास्त होतंय", सगळं मी तुझ्या अंगावर चढवलं. शेवटी किसन बरा होऊन तुलाच विचारतो, "हवालदार, गिलावा कसा झाला?" असं एक वाक्यही जोडलं. ते तर कुणीच बोललेलं नव्हतं.

दुसऱ्यांदा सांगितली तेव्हा तू समोर बसला होतास. मी तुला पाहिलं आणि गोष्ट अर्धी सोडून पाण्याचा तांब्या उचलला. तू म्हणालास, "थांबलास का? सांग की." आणि सगळ्यांत मोठ्यानं हसलास. पुढे पुढे तर तू चुका काढायचास. "दुपारची येळ सांग, संध्याकाळ न्हवती." वेळेची चूक तेवढी तुला चालत नव्हती.

एकदाच, फक्त एकदा, तू काही बोललास. यंदाच्या यात्रेनंतर आपण घरी चाललो होतो. तुला दम लागत होता, तू एका दगडावर टेकलास.

"बबन्या, ती गोष्ट एकदा खरी सांग की. बघू हसत्यात का."

"खरी हसवत नाही रे."

"मग हसवू नगं."

"लोक काय म्हणतील?"

"मला जे म्हनत्यात त्येच." आणि उठलास, चालायला लागलास. मला वाटलं, चिडलास. तुझ्या मागून चालताना मी वाद घालत राहिलो, इतक्या वर्षांनी कशाला उकरायचं, किसनही आता पीत नाही, सगळं चांगलं झालंय. तू चालतच होतास. पुढच्या वेळी भेटलो तेव्हा विषय निघाला नाही. नंतर तूच राहिला नाहीस.

तर काल, शुक्रवारी सकाळी, मी पुन्हा तुझ्या घरी गेलो. वहिनी अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. मी उभ्यानंच सुरुवात केली, म्हणजे वेळ पडली तर पळताही येईल. सगळं सांगितलं. कागदाची घडीसुद्धा. त्यांनी शेंगा फोडणं थांबवलं नाही.

"म्हंजी सोंग हाय असं त्यांनी म्हणलंच न्हाई?"

"नाही वहिनी. मी म्हणालो."

"जबाबात?"

"त्यानं स्वतःवर घेतलं."

सुपात दाणे पडत राहिले. मग त्या बोलल्या, माझ्याकडे न बघता.

"एकदा आमचं भांडान झालं व्हतं. लई बोलले मी त्यांना. म्हणले, तुमी कसले मानूस, हातातला जीव मराय लागला तरी तुमास्नी सोंग वाटतं. ते जेवत व्हते. ताटावरनं उठले न्हाईत, काय बोलले न्हाईत. ताट पुरं केलं." सूप त्यांनी बाजूला ठेवलं. "तवा एक शब्द बोलायचा व्हता की त्यांनी."

मी म्हणालो, "वहिनी, मला माफ करा." त्यांनी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

"रविवारी तीच गोष्ट सांगा," त्या म्हणाल्या. "गिलाव्याची. दुसरं कायबी नगं."

"सांगतो."

"किसनला मी निरोप धाडते. त्याला म्होरं बसवते."

किसन येईल की नाही, मला माहीत नाही. आला तर काय करेल, तेही माहीत नाही. मेव्हण्याच्या डोक्यात थापी घालणारा माणूस आहे.

आज शनिवार. खानावळ पोरीवर सोपवून मी हे सगळं कागदावर लिहून काढलं, आणि उद्या कर्ण्यासमोर हेच वाचणार आहे, अक्षर न् अक्षर. तोंडी सांगायला गेलो तर मी ती पुन्हा रंगवीन, मला मी ओळखतो. मान खाली ठेवायची. कोण हसतं, कोण उठून जातं, ते बघायचं नाही. कागद संपेपर्यंत वाचायचं.